त्रोमलँ बेट: पाणी, वाळू, पाखरं आणि दोन देशांचा दावा

खडकवेडा

वादग्रस्त बेटांवर इथे बरेच धागे आहेत. बहुतेकांत चर्चा झेंड्यांची आणि करारांची होते, बेट स्वतः कसं आहे ते फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा हिंदी महासागरातल्या एकाच लहानशा प्रवाळ बेटावर काढतो आहे: त्रोमलँ. माझं म्हणणं असं की या बेटाचं पाणी आणि वाळू नीट समजून घेतली, तर वादातले निम्मे मुद्दे आपोआप स्पष्ट होतात.

जागा: १५ अंश ५३ मिनिटे दक्षिण, ५४ अंश ३१ मिनिटे पूर्व. मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे ४५० किमी, रेयुनियाँ या फ्रेंच बेटाच्या उत्तरेला साडेपाचशे किमी, मॉरिशसपासून साधारण ५७० किमी. लांबी १७०० मीटर, रुंदी ७०० मीटर, क्षेत्रफळ एक चौरस किमीच्या आतलं. सर्वांत उंच जागा सात मीटरच्या आसपास.

आकार थेंबासारखा. आग्नेयेकडून वर्षभर व्यापारी वारे वाहतात, त्यामुळे लाटा त्या बाजूला आपटतात आणि वाळू बेटाच्या दोन्ही कडांनी सरकत मागे वायव्य टोकाला जमते. तिथे वाळूची एक जीभ तयार झाली आहे. ती लाटांच्या दिशेप्रमाणे डावी-उजवीकडे हलते. नकाशात ती जशी दिसते तशीच पुढच्या मोसमात असेल असं धरून चालू नका.

खाली ज्वालामुखीचा बुडालेला डोंगर आहे, चार हजार मीटर खोल तळावरून उठलेला. त्याच्या माथ्यावर प्रवाळाचा चुनखडक आणि त्यावर वाळू. लक्षद्वीपची चित्रं पाहून ज्यांच्या मनात निळंशार खाजण (प्रवाळाच्या कड्याच्या आतलं उथळ, शांत पाणी) आहे त्यांनी ते बाजूला ठेवावं. इथे खाजण नाही. बेटाला चिकटून प्रवाळाचं कडं आहे आणि त्याच्या बाहेर समुद्र एकदम खोल होतो. म्हणून नांगराला तळ मिळत नाही, बंदर नाही, आणि होडी लावायची तर वाऱ्याच्या आडोशाची वायव्य बाजू, तीही समुद्र शांत असेल तेव्हाच. हल्ली माणसं आणि सामान विमानाने किंवा जहाजावरच्या हेलिकॉप्टरने उतरवतात. धावपट्टी कच्ची आहे, हजार मीटरच्या थोडी वर.

ताबा फ्रान्सकडे, दावा मॉरिशसचा. त्यावर कुणी जाणकाराने लिहावं. मला आधी पाण्याबद्दल वाचायला आवडेल.

मचूळ

पाण्याचं मी लिहितो.

प्रवाळ बेटावर नदी-ओढा नसतो, कारण वाळू पाऊस गिळते. गिळलेलं पाणी खाली जाऊन समुद्राच्या पाण्यावर तरंगतं. गोडं पाणी हलकं (घनता १.०००), समुद्राचं जड (१.०२५). या फरकामुळे हिशोब असा येतो: समुद्रसपाटीच्या वर जितकी गोड्या पाण्याची उंची, त्याच्या चाळीसपट जाडी खाली. विहिरीतलं पाणी सपाटीपेक्षा २५ सेंमी वर असेल तर पुस्तकी हिशोबाने खाली १० मीटर गोडं पाणी. मधोमध जाड, कडांना निमुळतं, म्हणून याला गोड्या पाण्याचं भिंग म्हणतात.

प्रत्यक्षात १० मीटर मिळत नाही. दोन कारणं. भरती-ओहोटी रोज दोनदा त्या सीमेला हलवते, त्यामुळे गोडं आणि खारं यांच्यामध्ये मचूळ पाण्याचा जाड थर होतो. आणि वरच्या बारीक वाळूखाली जुना, भोकाभोकांचा चुनखडक लागला की समुद्राचं पाणी त्यातून धावत आत येतं, भिंग तिथेच कापलं जातं. ७०० मीटर रुंदीच्या बेटावर वर्षभर गोडं पाणी देणारं भिंग मिळणं अवघडच. मचूळ पाणी मिळतं.

किती मचूळ, हे आकड्यात पाहा. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा २५०, दुसरा स्रोत नसेल तर १०००. म्हणजे विहिरीत शंभरात सव्वा भाग समुद्र मिसळला की इष्ट मर्यादा संपली, पाच भाग मिसळला की सवलतीचीही संपली. इतकं हे नाजूक प्रकरण आहे.

विहीर तपासायची रीत: विद्युतवाहकता मोजणारा मीटर १४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणाने जुळवून घ्या. आधी दोन-तीन बादल्या उपसा, मग नमुना घ्या. एक नमुना पृष्ठभागाचा, एक तळाचा. वेळ लिहा आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी तेही लिहा. नुसता आकडा लिहून ठेवला तर महिन्याभराने त्याचा अर्थ लागत नाही, कारण एकाच विहिरीत उधाणाच्या भरतीला आणि भांगाच्या दिवसांत आकडे वेगळे येतात. समुद्राचं पाणी ५०,००० च्या आसपास दाखवतं, १५०० च्या आत असेल तर पिण्यासारखं समजा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच जागी पंप लावून जोरात उपसा. वरून पाणी खेचलं की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं आणि तळाला शिरतं. एकदा चढलेला शंकू खाली बसायला फार वेळ लागतो. बादलीने थोडं थोडं काढणं, किंवा उथळ आडव्या चरांतून रुंद पसरून पाणी गोळा करणं, हे दोनच उपाय सुरक्षित.

पाणपाखरू

मचूळ, फार उपयोगी प्रतिसाद. एक शंका: चक्रीवादळात लाट बेटावरून गेली तर विहीर लगेच उपसून टाकावी का? किनाऱ्यावरच्या गावांत तसं करतात असं ऐकलं आहे.

मचूळ

विहिरीत साचलेलं खारं पाणी आणि कचरा एकदा काढा, तेवढं पुरे. त्यापुढे उपसत राहिलात तर नुकसान. वरून आलेलं खारं पाणी जड असल्यामुळे ते हळूहळू भिंगातून खाली उतरतं आणि पावसाने वरचा थर पुन्हा गोड होतो. आपण घाईने उपसा केला तर खालचं खारं वर येतं आणि दोन्हीकडून विहीर बिघडते. रोज एकाच वेळी, एकाच भरतीच्या स्थितीला वाहकता मोजत राहायचं आणि पावसाची वाट पाहायची.

खडकवेडा

इथे इतिहास आणावाच लागतो, कारण त्रोमलँवरची विहीर हा इतिहासाचाच भाग आहे.

बेट १७२२ मध्ये फ्रेंच जहाज 'ला दियान'ने पाहिलं, नाव ठेवलं वाळूचं बेट. ३१ जुलै १७६१ च्या रात्री फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचं 'ल्युतील' हे जहाज बेटाभोवतीच्या प्रवाळाच्या कड्यावर आदळलं. कप्तानाने मादागास्करच्या फूलप्वांत बंदरातून सुमारे १६० माणसं गुलाम म्हणून परवानगी नसताना घेतली होती. जहाजावर दोन नकाशे होते आणि दोन्हींत बेटाची जागा वेगवेगळी होती. तरी रात्री जहाज हाकलं. तळघराची झाकणं बंद असल्यामुळे आतली निम्म्याच्या आसपास माणसं बुडून मेली.

वाचलेल्यांनी काही दिवसांत सुमारे पाच मीटर खोल विहीर खणली. मचूळचा प्रतिसाद वाचल्यावर हा आकडा बोलका होतो: बेट सात मीटर उंच, पाच मीटर खणलं म्हणजे ते बरोबर समुद्रसपाटीच्या जवळ पोचले, जिथे भिंगाचा माथा असतो. आणखी खणलं असतं तर पाणी खारट झालं असतं. पाणी मचूळ होतं, पण जगवणारं होतं.

जहाजाच्या लाकडातून होडी बांधून सप्टेंबर १७६१ मध्ये १२२ फ्रेंच खलाशी निघून गेले. साठ ते ऐंशी मालागासी (मादागास्करची) माणसं तीन महिन्यांच्या शिध्यावर मागे राहिली. परत येऊ असं वचन दिलं होतं. ते पाळलं गेलं पंधरा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १७७६ ला, 'ला दोफिन' जहाजाच्या त्रोमलँ या अधिकाऱ्याकडून. तेव्हा बेटावर सात स्त्रिया आणि आठ महिन्यांचं एक बाळ उरलं होतं. बेटाला नाव त्या अधिकाऱ्याचं मिळालं, तिथे पंधरा वर्षं जगलेल्या बायकांचं नाही. हे मला प्रत्येक वेळी खटकतं.

वाळूतली_पावलं

या प्रसंगातलं बांधकाम भूगोलाशी फार जवळून जोडलेलं आहे, म्हणून थोडं लिहितो.

मॅक्स गेरू आणि तोमा रोमों यांच्या पथकांनी २००६, २००८, २०१० आणि २०१३ मध्ये तिथे उत्खनन केलं. दगडी भिंतींची घरं सापडली, एकमेकांना लागून, भिंती जाड आणि बुटक्या. लाकूड आणि कापडाचा आडोसा चक्रीवादळात टिकत नाही हे कळल्यावर दगडाकडे वळणं क्रमप्राप्त होतं. पण मालागासी रीतीत दगडी बांधकाम मृतांसाठी राखलेलं असे, जिवंत माणसांची घरं लाकूड-गवताची. बेटावर ती रीत मोडावी लागली.

दगड कुठला? दोन प्रकारचा. एक, कड्यावरून लाटांनी फेकलेले प्रवाळाचे ठोकळे. दुसरा जास्त कामाचा: पुळणीतच तयार झालेला दगड. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळूच्या कणांमध्ये चुना साठतो आणि वाळू थरांनी घट्ट सांधली जाते. त्याच्या लाद्या समुद्राकडे उतरत्या असतात, पुळणीच्या उताराइतक्याच. थर सुटे असल्यामुळे पहारीने उचकटून लादी निघते. छिन्नी-हातोड्याशिवाय घर बांधायला यापेक्षा सोयीचा दगड नाही.

याच लाद्या भूगोल शिकणाऱ्यालाही कामाच्या. हा दगड वाळूच्या आत तयार होतो. तो उघडा पडलेला दिसला तर समजावं की त्यावरची वाळू निघून गेली आहे. लाद्यांची ओळ पाण्यात उभी दिसली तर किनारा एके काळी तिथवर होता. साधी खूण आहे, पण खोटी पडत नाही.

अजून एक वस्तू. तांब्याची भांडी सापडली. फुटली की तांब्याच्या पत्र्याचं ठिगळ लावून रिव्हेटने जोडलेली, पुन्हा फुटली की ठिगळावर ठिगळ. मचूळ पाणी, मीठ आणि रोजचा जाळ यात तांबं किती दिवस टिकणार? तरी एकेक भांडं वर्षानुवर्षं चालवलं, कारण दुसरं मिळणारच नव्हतं. जळणासाठी जहाजाची लाकडं आणि बेटावरची झुडपं. बेटावर मोठं झाड नाही. रुपेरी, लवदार पानांचं हेलिओट्रोपचं झुडूप आणि जमिनीलगत घोळ. हो, आपल्या बाजारात भाजीला मिळते तीच घोळ.

पोर्टलुईकर

इथे मॉरिशसमध्ये या विषयावर मराठीत लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं, त्यामुळे धाग्याबद्दल मनापासून आभार. आम्हा मॉरिशसच्या मराठी लोकांसाठी हा दूरचा विषय नाही. आमच्या संविधानाच्या १११ व्या कलमात मॉरिशसची व्याख्या आहे आणि तिच्यात आगालेगा, कार्गादोस काराजोस, छागोस यांच्याबरोबर त्रोमलँचं नाव लिहिलेलं आहे.

दाव्याचं मूळ ३० मे १८१४ च्या पॅरिस करारात. आठव्या कलमानुसार फ्रान्सने 'इल द फ्रान्स' म्हणजे मॉरिशस आणि त्याची अवलंबित बेटं ब्रिटनला दिली. पुढे रोद्रिग आणि सेशेल्सची नावं येतात. इंग्रजी प्रतीत त्यांच्या आधी 'विशेषतः' अशा अर्थाचा शब्द आहे, फ्रेंच प्रतीत 'नामशः' अशा अर्थाचा. 'विशेषतः' वाचलं तर ती दोन नावं उदाहरणादाखल आहेत आणि त्रोमलँही दिलेल्यात मोडतं. 'नामशः' वाचलं तर यादी तिथेच संपते. मॉरिशसने दावा १९७६ मध्ये मांडला. फ्रान्स बोट दाखवतो ते १९५४ पासून चालू असलेल्या हवामान केंद्राकडे आणि प्रत्यक्ष कारभाराकडे.

७ जून २०१० ला दोन्ही देशांनी सहव्यवस्थापनाच्या करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि पर्यावरण, मासेमारी, पुरातत्त्व ही कामं मिळून करायची, अशी त्याची रचना. फ्रेंच संसदेत त्याला मंजुरी मिळाली नाही. जानेवारी २०१७ मध्ये तो चर्चेला यायचा होता, तो कामकाजातून काढून घेतला गेला. माझ्या मते हे फार मोठं नुकसान आहे. बेट कुणाचं हे ठरेपर्यंत बेटाचं काम थांबून राहणं कुणाच्याच हिताचं नाही.

अक्षांश_रेखांश

पोर्टलुईकर, उत्तम मांडलंत. यात समुद्री कायद्याची एक बाजू जोडतो, कारण एवढ्या छोट्या बेटासाठी एवढा ताण का, याचं उत्तर तिथे आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या समुद्री कायद्याच्या करारातलं १२१ वं कलम, तिसरा परिच्छेद: जो खडक स्वतःच्या बळावर मानवी वस्ती किंवा आर्थिक जीवन पोसू शकत नाही, त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र (दूरवरच्या समुद्रातल्या मासे-खनिजांवर हक्क देणारा पट्टा) मिळत नाही. प्रादेशिक समुद्र मात्र मिळतो, १२ सागरी मैल. आकड्यात बघा. १२ मैलांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १,५५० चौरस किमी. त्रोमलँभोवती धरलं जाणारं आर्थिक क्षेत्र सुमारे २,८०,००० चौरस किमी. एक चौरस किमीपेक्षा लहान जमिनीवर एवढा ट्यूनाचा समुद्र अवलंबून आहे.

२०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राच्या लवादाने हे कलम कडक वाचलं. तिथल्या इतू आबा बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, झाडं आहेत, पूर्वी कोळी येऊन राहत, तरी लवादाने त्याला खडकच ठरवलं. कसोटी अशी लावली: नैसर्गिक अवस्थेत, बाहेरून रसद न येता, स्थिर समाज तिथे टिकू शकतो का? तो निवाडा त्या खटल्यातल्या पक्षांपुरताच बंधनकारक आहे, पण युक्तिवाद सगळीकडे वाचला जातो.

आता त्रोमलँ. पंधरा वर्षं माणसं जगली, म्हणून तिथे वस्ती शक्य आहे, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. साठ-ऐंशीचे आठ झाले, आणि तेही जहाजाची लाकडं, तांबं आणि लोखंड हाताशी असताना. ती माणसांची चिकाटी होती. त्यातून बेट माणसं पोसू शकतं असं सिद्ध होत नाही.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बेट आपलं म्हणणाऱ्या दोघांनाही मोठं आर्थिक क्षेत्र हवं आहे. त्यामुळे 'हा खडकच आहे' असा मुद्दा दोघांपैकी कुणीच काढणार नाही.

खडकवेडा

अक्षांश, शेवटचा मुद्दा पूर्ण पटला. फक्त एक दुरुस्ती: सगळेजण बेटावरच संपले नाहीत. १७७५ मध्ये सुटकेचा एक प्रयत्न फसला आणि एक खलाशी बेटावर अडकला. त्याने तराफा केला, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया घेऊन निघाला, पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. म्हणजे शेवटच्या घटीत त्यांचाही वाटा आहे. तुमच्या निष्कर्षाला याने बाधा येत नाही.

पाणपाखरू

पाखरांचं राहिलंच आहे.

त्रोमलँवर दोन बूबी (मोठे समुद्रपक्षी) मुख्य: मुखवटी बूबी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, लाल पायांचा बूबी हेलिओट्रोपच्या झुडपांवर काटक्यांचं घरटं करतो. म्हणून झुडूप तोडणं म्हणजे एका जातीचं घरच मोडणं. उत्खननात सापडलेली हाडं मात्र बहुतांशी सूटी टर्न जातीच्या सुरय पक्ष्यांची आणि कासवांची. म्हणजे तेव्हा सुरयांच्या मोठ्या वसाहती होत्या. नंतर उंदीर-घुशींनी जमिनीवर अंडी घालणाऱ्या लहान पाखरांना बेटावरून हाकललं.

डिसेंबर २००५ मध्ये तिथल्या घुशींचं (म्हणजे इथे मोठ्या तपकिरी उंदरांचं) निर्मूलन झालं. पुढच्या आठ वर्षांत दोन्ही बूबींची संख्या वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त वेगाने वाढली, तपकिरी नॉडी आणि पांढरा टर्न पुन्हा घरटी करायला लागले. घरउंदीर मात्र वाचले.

घुशी गेल्या आणि घरउंदीर राहिले, असं का होतं? अशा मोहिमांची सर्वसाधारण रीत सांगतो. रक्त गोठू न देणारं विषारी आमिष ठरलेल्या अंतरावर चौकटीत ठेवतात. घूस फिरते मोठ्या भागात, म्हणून २५ मीटरची चौकट चालते: हेक्टरी १६ ठिकाणं, ८० हेक्टरच्या बेटाला सुमारे १२८०. घरउंदराचा वावर फार लहान. त्याच्यासाठी १० मीटरची चौकट लागते: हेक्टरी १००, म्हणजे ८००० ठिकाणं. एका उंदराच्या फिरण्याच्या टापूत आमिष पडलंच नाही तर तो उरतो, आणि एक गाभण मादी उरली तरी पुरते. शिवाय घुशी असताना उंदीर दबून असतात, त्या गेल्या की त्यांना मोकळं रान.

उष्ण कटिबंधातली आणखी एक अडचण म्हणजे खेकडे. शंखातले खेकडे आमिष पळवतात. त्यांना त्या विषाने काही होत नाही, पण उंदराच्या वाट्याचं संपतं. म्हणून आमिष जास्त ठेवावं लागतं, पेट्या जमिनीपासून उंच बसवाव्या लागतात, आणि दुसरी फेरी ठरलेल्या दिवशीच करावी लागते.

निर्मूलनानंतरचं काम कायमचं. धान्य आणि सामान बंद डब्यांतून, जहाजावरच तपासून. उतरल्यावर बंद खोलीत उघडायचं. शेंगदाण्याच्या लोण्याचा वास लावलेली मेणाची चकती कोपऱ्यात ठेवली की दातांच्या खुणांवरून कोण आलं ते कळतं.

मचूळ

यात प्रवाळाचाही संबंध आहे. छागोसमध्ये उंदीर असलेली आणि नसलेली बेटं शेजारी शेजारी आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट आढळली, आणि त्यांच्या भोवतीच्या कड्यावर माशांचं एकूण वजन सुमारे दीडपट. पाखरं खोल समुद्रातून मासे खाऊन येतात, विष्ठेतून नत्र बेटावर टाकतात, पावसाने ते कड्यावर उतरतं, शेवाळ वाढतं, मासे पोसले जातात. त्यातले पोपटमासे प्रवाळ कुरतडून वाळू बाहेर टाकतात. म्हणजे बेटाची वाळूसुद्धा काही अंशी पाखरांच्या हिशोबात आहे.

नवखा_वाचक

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. समुद्र वाढतोय, मग असं सात मीटरचं बेट बुडणारच ना? मग वाद कशाचा?

भरतीरेषा

'बुडणार' हा शब्द इथे सांभाळून वापरावा. वाळूचं बेट बादलीतल्या दगडासारखं स्थिर नसतं. मोठ्या लाटा कड्यावरची वाळू उचलून बेटावर टाकतात. पॅसिफिक महासागरातल्या तुवालूच्या बेटांचा १९७१ ते २०१४ चा अभ्यास झाला, समुद्र चढत असताना एकूण जमीन २.९ टक्के वाढलेली निघाली. काही बेटं झिजली, बरीच वाढली, बहुतेक सरकली. पण यासाठी कडं जिवंत हवं. प्रवाळ मेलं की वाळूचा कारखाना बंद. समुद्राचं तापमान नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा एक अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तिथेच राहिलं की प्रवाळ पांढरं पडतं. काळजी करायची तर पातळीपेक्षा आधी या उष्णतेची.

घरबसल्या किनारा तपासायचा असेल तर पायऱ्या देतो. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, एका ठिपक्यात १० मीटर. वातावरणाची दुरुस्ती केलेली प्रत घ्या. ढग नसलेला आणि समुद्र शांत असलेला दिवस निवडा. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत हिरवा पट्टा (३) आणि जवळचा अवरक्त पट्टा (८) घ्या. तिसऱ्यातून आठवा वजा, भागिले दोघांची बेरीज. शून्याच्या वर पाणी, खाली जमीन. मग रेषा काढा.

चुका कुठे होतात? फेसाची लाट अवरक्तात जमिनीसारखी चमकते, आग्नेय बाजूला खोटा किनारा मिळतो. दोन तारखांची चित्रं एकमेकांवर अर्धा-एक ठिपका सरकलेली असू शकतात. त्यासाठी धावपट्टीची दोन टोकं पकडा, ती हलत नाहीत. ती दोन्ही चित्रांत जुळली तरच पुढे जा. एवढं करूनही २० मीटरच्या आतल्या बदलावर निष्कर्ष काढू नका. भरतीची वेळ नोंदवा. आणि पाण्याच्या रेषेपेक्षा झुडपांची कड जास्त भरवशाची. वायव्य जीभ मोसमात बरीच हलेल, झुडपांची कड हलली तरच बेट खरंच झिजतंय म्हणा.

वाळूतली_पावलं

त्या जिभेवर आणि आसपासच्या पुळणीवर हिरवी समुद्री कासवं अंडी घालतात, दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात जास्त. मोजणी सकाळी, पावलांवरून होते. कोकणात ऑलिव्ह रिडलेच्या खुणा पाहिलेल्यांनी फरक लक्षात ठेवावा. रिडले वल्ही आलटून पालटून टाकते, म्हणून डाव्या-उजव्या खुणा पुढे-मागे पडतात. हिरवं कासव पुढची दोन्ही वल्ही एकदम टाकतं, म्हणून खुणा समोरासमोर, आडव्या जोडीने, ट्रॅक्टरच्या चाकासारख्या. रुंदी मीटरभर.

वर गेलेली आणि परत आलेली अशा दोन ओळी मिळून एक कासव. नुसत्या ओळी मोजल्या की संख्या दुप्पट होते, ही नेहमीची चूक. मोजून झालेली ओळ पायाने आडवी पुसायची, नाहीतर उद्या तीच पुन्हा मोजली जाते. वर मोठा खळगा आणि मागे उडवलेली वाळू दिसली तर अंडी घातली असण्याची शक्यता. नुसताच फेरा मारून परत गेली असेल तर वेगळ्या रकान्यात लिहा.

वाळूचं तापमानही घेत राहावं. २९ अंशांच्या आसपास नर-मादी निम्मे निम्मे, त्याच्या वर माद्या जास्त. अंड्यांच्या खोलीवर, म्हणजे अर्धा-पाऊण मीटर खाली, नोंदयंत्र पुरायचं. पृष्ठभागाचं तापमान मोजून उपयोग नाही.

पोर्टलुईकर

अवांतर वाटेल, पण हवामान केंद्राचं महत्त्व इथे नोंदवतो. आमच्याकडे आणि रेयुनियाँकडे येणारी बरीच चक्रीवादळं ईशान्येकडून सरकतात. त्या वाटेवर उघड्या समुद्रात वाऱ्याची आणि हवेच्या दाबाची जमिनीवरची नोंद देणारी ठिकाणं मोजकी आहेत. त्यांतलं त्रोमलँ एक. झेंडा कुणाचाही असो, ते आकडे पोर्ट लुईलाही लागतात.

तिथल्या बांधकामाबद्दल कुणी लिहील का? प्रवाळाची वाळू काँक्रीटमध्ये चालते का?

मचूळ

चालते, पण लोखंड घातलं की अडचण. त्या वाळूत मीठ असतं. क्लोराइड सळईपर्यंत पोचलं की गंज, गंज फुगतो, काँक्रीट फुटून सळई उघडी पडते. वाळू गोड्या पाण्याने धुवायची तर गोडं पाणी कुठून आणणार? म्हणून एकतर वाळू-खडी बाहेरून आणा, किंवा सळईशिवाय जाड भिंती बांधा. बेटावरचाच दगड, जाड आणि बुटका. अठराव्या शतकात तिथे नेमकं तेच केलेलं आहे.

नवखा_वाचक

भरतीरेषा, तुमच्या पायऱ्यांप्रमाणे दोन तारखा करून पाहिल्या, फेब्रुवारी आणि ऑगस्ट. वायव्य जीभ साठ-सत्तर मीटर सरकलेली दिसते. धावपट्टीची टोकं जुळली आहेत. बरोबर आहे का?

भरतीरेषा

टोकं जुळली असतील तर सरकणं खरं असण्याची शक्यता चांगली आहे. पण दोन्ही वेळी भरती किती होती ते आधी पाहा. त्या उतरत्या जिभेवर अर्धा मीटर पाणी कमी-जास्त झालं तरी रेषा बरीच आत-बाहेर होते. भरतीचं गणित जुळलं की मधल्या महिन्यांची चित्रं घ्या, निदान सहा. आणि झुडपांची कड वेगळ्या थरावर काढा. सगळं एकत्र इथे टाका, मग बघू.